दोष कोणाचा?

धारवाडच्या एका देवालयात सायंकाळची आरती झाल्यावर सभामंडपात चार वडीलधारी मंडळी बसली होती. आम्हीही त्यांत होतो. बोलणे एका मुलीच्या लग्नासंबंधी चालले होते. मुलगी शिकलेली, स्वभावाने शांत, घराणे सर्वांच्या परिचयाचे. पत्रिका जुळली होती, गोत्रे भिन्न होती, देण्याघेण्याचा प्रश्न नव्हता. तरीही वरपक्षाने नकार कळविला होता. मुलीचा धाकटा भाऊ जन्मापासून मंदगतीने वाढणारा आहे. त्याचे डोळे किंचित तिरपे, बोलणे जड, चेहरा मात्र सदा हसरा. पालखीच्या वेळी टाळ घेऊन तो सर्वांच्या पुढे असतो. "त्या घरात दोष आहे," असे वरपक्षाकडील एका वृद्ध गृहस्थांनी म्हटल्याचे बैठकीत सांगण्यात आले. त्यावर 'कोणता दोष?' असे कोणीही विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी न विचारलेल्या प्रश्नाचा उशिरा केलेला विचार होय.

मराठी, कोंकणी आणि कानडी अशा आमच्या गावच्या तिन्ही भाषांत 'दोष' हा शब्द रोजच्या बोलण्यात आहे, आणि तिन्हींत त्याचे दोन अर्थ आहेत. हिऱ्यात दोष असतो, आणि चोरी करणाऱ्याकडेही दोष असतो. पहिला दोष म्हणजे उणीव, दुसरा म्हणजे अपराध. हिऱ्याला कोणी शिक्षा करीत नाही, कारण आपल्यातील रेघ त्याने स्वतः ओढलेली नसते. परंतु माणसाच्या बाबतीत बोलताना आपण पहिल्या अर्थावरून दुसऱ्या अर्थावर केव्हा घसरतो, हे आपल्या ध्यानीही येत नाही. 'मुलात दोष आहे' या वाक्याचे 'घरात दोष आहे' असे होते, आणि त्याचेच पुढे 'आईने काही तरी केले असेल' असे होते. ही घसरण न्याय्य आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम त्या मुलाच्या शरीरात घडले आहे तरी काय, हे पाहिले पाहिजे.

आपल्या देहाच्या बहुतेक पेशींत सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. त्यांची संख्या 46. ही संख्या 48 आहे असे विद्वान दीर्घकाळ मानीत होते. 1956 साली स्वीडनमध्ये जो हिन टिजो आणि आल्बर्ट लेव्हान या दोघा संशोधकांनी ती नीट मोजून 46 ठरविली. या 46 सूत्रांच्या 23 जोड्या असून प्रत्येक जोडीतील एक सूत्र आईकडून व दुसरे बापाकडून आलेले असते. ज्यांच्या घरी सुट्या पानांच्या जुन्या पोथ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या आहेत, त्यांना ही रचना सहज समजेल. तेवीस अध्यायांची एक पोथी, आणि तिच्या प्रत्येक अध्यायाच्या दोन प्रती. अपत्याला द्यावयाची वेळ येते तेव्हा आई प्रत्येक अध्यायाची एक प्रत देते, बापही एक देतो, आणि नवी पोथी पुन्हा पूर्ण होते.

आता पोथी उतरवून घेताना अक्षर चुकते, तशी जनुकात बारीक चूक होऊ शकते. तो निराळा विषय आहे. येथे विचार करावयाचा तो पानांच्या गठ्ठ्यातील चुकांचा. त्या मुख्यतः पाच प्रकारच्या होतात. काही पाने गळतात, तो लोप. काही पाने दोनदा लागतात, ती द्विरावृत्ती. पानांचा एक जुडगा सुटून उलट्या क्रमाने परत बांधला जातो, तो व्युत्क्रम. एका अध्यायाची पाने दुसऱ्या अध्यायात जाऊन बसतात, ते स्थानांतर. आणि पाने जागच्या जागी असूनही एखाद्या अध्यायाची संपूर्ण प्रत अधिक येते किंवा कमी पडते, क्वचित सगळी पोथीच दुप्पट होते, तो संख्याबदल. या सर्वांना मिळून शास्त्रज्ञ गुणसूत्रांचे उत्परिवर्तन म्हणतात. या नावात स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. केवळ बदल झाला, एवढेच ते सांगते.

निंदा का नाही, हे एकेका प्रकाराकडे पाहिले म्हणजे कळते. लोपापासून दुःख होते, हे खरे. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूचे टोक गळाले असता बालकाचे रडणे मांजरीच्या पिलासारखे ऐकू येते व त्याची वाढ खुंटते. पॅरिसच्या झेरोम लेज्युन यांनी 1963 साली हा विकार प्रथम वर्णिला. परंतु द्विरावृत्ती पाहा. देवीपुढील कुंकवाचा तांबडा आणि तुळशीचा हिरवा हे दोन रंग आपल्याला निरनिराळे दिसतात, ते फार प्राचीन काळी आपल्या वानरपूर्वजांत एका दृष्टिजनुकाची दोनदा प्रत लागली म्हणून. ती दुसरी प्रत हळूहळू किंचित बदलली आणि डोळ्याला नवा रंग मिळाला. याच जनुकांची अदलाबदल पुढे कधी विषम झाली, म्हणजे काही पुरुषांना तांबडा व हिरवा यांतील भेद कळेनासा होतो. ज्या घडामोडीने रंग दिला तीच घडामोड कोणा एकाचा रंग नेते. व्युत्क्रमाचे उदाहरण याहून साधे आहे. नवव्या गुणसूत्राचा मधला भाग उलटा बसलेली माणसे शेकड्यात एक तरी सापडते. ती सर्वांसारखी जगतात, आणि तपासणी केल्यावाचून त्यांना स्वतःलाही ही गोष्ट कळत नाही.

स्थानांतराचे आणि जोडणीचे उदाहरण तर प्रत्यक्ष आपण सर्वच आहोत. चिंपान्झी, गोरिला व ओरांगउटान यांची गुणसूत्रे 48. मानवाची 46, कारण आपल्या पूर्वजांत केव्हा तरी दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून एक झाली. तेच आज आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र आहे. धारवाडहून हलियाळ ओलांडून दांडेलीच्या रानात गेले असता रात्री भेकराचे ओरडणे ऐकू येते. त्या भेकराच्या मादीत गुणसूत्रे अवघी सहा व नरात सात आहेत. सस्तन प्राण्यांत याहून कमी संख्या आढळलेली नाही. त्याच्याच चिनी भाऊबंदांत ती 46 आहे. गुणसूत्रे एकमेकांस जोडली जात जात भेकर या संख्येपर्यंत आले, आणि तरीही सह्याद्रीच्या रानात ते सुखाने चरते. संख्या चुकणे हाच जर अपराध असता, तर या बिचाऱ्या प्राण्याइतका अपराधी दुसरा कोणी नसता.

संख्याबदलाचा विचार करण्यास मात्र हुबळी-धारवाडकरांना रानात जाण्याचेही कारण नाही. आमच्या काळ्या जमिनीतच त्याचा पुरावा उगवतो. या भागातील जयधरसारख्या देशी कापसात 26 गुणसूत्रे असतात. अमेरिकन कापसात 52. काही लक्ष वर्षांपूर्वी दोन निरनिराळ्या वंशांच्या कपाशींचा योग जुळून आला, गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली, आणि त्या अपघातातून ही 52 सूत्रांची कपाशी जन्मास आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिचे बी धारवाड जिल्ह्यात आले व तो कापूस 'धारवाड-अमेरिकन' या नावाने बाजारात ओळखला जाऊ लागला. देशी आणि अमेरिकन यांचा सरळ संकर केला तर संततीत 13 आणि 26 मिळून 39 सूत्रे येतात. त्यांच्या जोड्या लागत नाहीत आणि झाड वांझ राहते. परंतु 52 सूत्रांच्या दोन भिन्न प्रजातींचा संकर फळतो, हे ध्यानी घेऊन डॉ. बी. एच. कातरकी यांनी धारवाड येथे 1972 साली 'वरलक्ष्मी' हे लांब धाग्याचे संकरित वाण सिद्ध केले. 1981 साली त्याच्या मागोमाग 'जयलक्ष्मी' आले. हुबळीच्या कापूस बाजाराला आणि कित्येक शेतकरी कुटुंबांना या लक्ष्मींनी हात दिला. ज्या कपाशीच्या मुळाशी गुणसूत्रांची एक अनपेक्षित दुप्पट आहे, तिच्या वाणाला आम्ही 'वर' असे नाव दिले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

देवापुढील नैवेद्याचीही हीच कथा. आमच्या बाजारातले राजापुरी केळे किंवा गोव्याकडील राजेळी घ्या. त्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणजे 11 च्या तिप्पट 33 सूत्रे असतात. विषम संख्येमुळे बी धरत नाही, म्हणूनच फळ मऊ व निर्बीज मिळते. गुणसूत्रांच्या हिशेबाने ज्याचा मेळ बसत नाही ते फळ आपण सर्वांत आधी देवापुढे ठेवतो. आणि पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी सर्वांनी पाहिली असेल. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसीन नावाचे विष असते. पेशी विभागताना गुणसूत्रे दोन्ही बाजूंस ओढून नेणारे तंतू त्या विषाने तयारच होत नाहीत, आणि पेशीत दुप्पट सूत्रे राहतात. 1937 सालापासून वनस्पतिशास्त्रज्ञ याच द्रव्याचा उपयोग करून मुद्दाम असा बदल घडवून आणीत आले आहेत.

येथे कोणी म्हणेल, कापूस निराळा आणि लेकरू निराळे. ही शंका योग्य आहे, आणि तिला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मुलापासून आम्ही आरंभ केला त्याच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असाव्यात असे त्याच्या लक्षणांवरून दिसते. या अवस्थेस डाऊन लक्षणसमूह म्हणतात. तिचे हे कारण लेज्युन व त्यांचे सहकारी यांनी 1959 साली प्रसिद्ध केले. साधारणतः सातशे-आठशे जन्मांमागे एक बालक असे जन्मते. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः व्यंग असते. बुद्धीची वाढ मंद असते. आईबाप रात्री उशाशी एकच चिंता घेऊन निजतात की आपल्या माघारी याचे कोण पाहील. गर्भाच्या आरंभीच्या काळात जे गर्भपात होतात त्यांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांचा असमतोल आढळतो, म्हणजे बहुतेक असमतोल जन्मापर्यंत पोहोचतही नाहीत. तेव्हा हानी खरी आहे. कापसाचे कौतुक सांगून त्या घराचे दुःख हलके करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे इतकेच की हानी खरी असली तरी अपराध खरा ठरत नाही. एकाच जातीच्या घटनेतून एके ठिकाणी कपाशी येते व दुसऱ्या ठिकाणी हृदयाचे व्यंग येते. घटनेला आपले आवडते-नावडते ठाऊक नसते.

परंतु आमच्या समाजातील श्रद्धावान मंडळी येथे कर्माचा सिद्धांत पुढे करतात. हे या जन्मीचे नसेल, पण मागल्या जन्मीचे कोणाचे तरी पाप असेल, असे ते म्हणतात. त्या सिद्धांताच्या सत्यासत्यतेचा निकाल लावण्याची आमची योग्यता नाही. पण त्याच सिद्धांताच्या आधारे दोन गोष्टी सांगता येतील. पहिली ही की कर्माला कर्ता लागतो. आता या प्रकरणात कर्ता शोधू जावे तर काय दिसते? अधिकचे एकविसावे गुणसूत्र दहांपैकी सुमारे नऊ वेळा आईच्या बीजातून आलेले असते, आणि आईचे वय वाढते तशी ही शक्यताही वाढते. पस्तिशीत ती सुमारे साडेतीनशेत एक, चाळिशीत सुमारे शंभरात एक होते. हे ऐकून 'मग आईचाच दोष' असे म्हणण्याची घाई कोणी करील. पण स्त्रीच्या बीजाचे ते विभाजन ती स्वतः आपल्या आईच्या उदरात असतानाच सुरू झालेले असते; मग ते मध्येच थांबते, आणि पुढे वीस, तीस, चाळीस वर्षांनी बीज परिपक्व होताना पुरे होते. ज्या क्रियेचा आरंभ करणारीचे डोळेही अजून उघडले नव्हते, जी तिच्या इच्छेने सुरू झाली नाही आणि तिच्या इच्छेने थांबली नसती, तिला त्या स्त्रीचे कर्म कसे म्हणावे? ग्रहणात ती भाजी चिरीत होती म्हणून असे झाले, असे आजही ऐकू येते. एकविसाव्या गुणसूत्राला सुरी-विळीचा पत्ता नसतो.

दुसरी गोष्ट ही की कर्माची गती गहन आहे, असे गीतेनेच सांगितले आहे. जे गहन आहे म्हणून मोठ्यांनी हात जोडले, त्याचा हिशेब आपण सभामंडपात बसून पाच मिनिटांत दुसऱ्याच्या घराच्या नावावर मांडावा, हे श्रद्धेचे लक्षण नव्हे. कर्मसिद्धांत माणसाने स्वतःच्या वर्तनाला लावावयाचा असतो. दुसऱ्याच्या लेकराला लावला की त्याचा आरोप होतो. वनपर्वातील अष्टावक्राची कथा आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. त्याचे अंग आठ ठिकाणी वाकडे झाले ते पित्याच्या शापाने, असे ती कथा सांगते. म्हणजे तिथे अपराध आहे, पण तो गर्भाचा नाही, मातेचाही नाही. तो रागावलेल्या बापाच्या वाणीचा आहे. मुलाच्या देहापेक्षा मोठ्यांच्या बोलण्याकडे बोट दाखविणारी ही कथा ऐकून आम्ही माना डोलावतो आणि घरी येऊन नेमके उलट वागतो.

आता त्या मुलीच्या लग्नाकडे वळू. वरपक्षाच्या मनात भीती होती की उद्या या मुलीच्या पोटीही तसेच मूल जन्मेल. ही भीती खोडसाळ म्हणता येणार नाही. पण तिला उत्तर होते. मुलाच्या रक्ताच्या तपासणीत गुणसूत्रे मोजता येतात. डाऊन लक्षणसमूहाच्या शंभर बालकांपैकी सुमारे पंचाण्णवांत एकविसावे गुणसूत्र सुटेच अधिक असते, आणि अशा वेळी बहिणीच्या संततीला असणारा धोका त्याच वयाच्या कोणत्याही स्त्रीइतकाच असतो. तीन-चार बालकांत मात्र ते अधिकचे सूत्र दुसऱ्या एखाद्या, बहुधा चौदाव्या, गुणसूत्रास चिकटलेले असते, म्हणजे स्थानांतर. त्यांतील काहींच्या आईत किंवा बापात हीच जोडणी असते. अशा माणसाच्या पोथीत पाने सर्व असतात, फक्त बांधणी निराळी असते. तो स्वतः निरोगी असतो. मग बहिणीनेही आपली तपासणी करून घ्यावी, इतकेच. कोणा एकानेही एवढी चौकशी केली नाही. सोपे उत्तर हाताशी असताना अवघड शब्द उच्चारला गेला.

पण समजा, तपासणीत तिच्यातही ती जोडणी निघाली. तेव्हा काय? खरी नैतिक परीक्षा येथे आहे. असले काही ना काही निरुपद्रवी स्थानांतर साधारण पाचशे माणसांत एकाकडे असते. म्हणजे आमच्या देवालयाच्या रथोत्सवाला जमणाऱ्या गर्दीत ते बाळगणारे कित्येक असतील, आणि त्यांना त्याची वार्ताही नसेल. कदाचित नकार देणाऱ्यांच्या घरातही असेल. आमचे मत असे की ते ज्ञान त्या दोघा वधूवरांचे आहे. त्यांनी ते एकमेकांस खरेपणाने सांगावे, वैद्याचा सल्ला घ्यावा आणि आपला निर्णय आपण करावा. पुढे गर्भावस्थेत तपासणीचा प्रसंग आला तर 1994 च्या कायद्याने गुणसूत्रांच्या विकारांसाठी ती करण्यास मुभा दिली आहे, लिंगनिदानास मात्र सक्त मनाई केली आहे. आणि गर्भपाताविषयीचा 1971 चा कायदा 2021 साली सुधारण्यात आला आहे. त्या चौकटीत एखादे जोडपे मूल ठेवील, एखादे ठेवणार नाही. त्यांच्या त्या रात्रीचा न्यायाधीश होण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही, तसा आम्हालाही नाही. पण वधूवरांचे हे ज्ञान जर समाजाच्या बैठकीत पत्रिकेसारखे फिरू लागले, मंगळाच्या जागी एकविसावे सूत्र बसले, तर आम्ही एक भीती टाकून तिच्या जागी दुसरी घेतली, एवढाच आमच्या विज्ञाननिष्ठेचा अर्थ होईल.

एखाद्या कुटुंबाने सर्व जाणून घेऊनही 'आम्हाला भीती वाटते' असे म्हटले, तर त्याला आम्ही पापी म्हणणार नाही. सर्वांची छाती सारखी नसते. मात्र भीतीला भीती म्हणावे. 'आम्हाला भीती वाटते' असे म्हटले की उणीव बोलणाऱ्याकडे राहते. 'तुमच्यात दोष आहे' असे म्हटले की तीच उणीव ओझे होऊन दुसऱ्याच्या दारात टाकली जाते. त्या घरातील आई अकरा वर्षे ते ओझे वाहत आहे. तिच्या मुलाच्या एका सूत्राची जादा प्रत तिने केली नाही. पण आमच्या बैठकीतील मौन आम्ही केले. त्याला कर्ता आहे, इच्छा आहे, सोय पाहून गप्प बसण्याचा हिशेबही आहे. कर्म म्हणावयाचे तर त्याला म्हणावे.

करण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. अशा आईबापांना 'आपल्या माघारी कोण' हा प्रश्न पडतो. त्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांपुढील मतिमंद व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्याची सोय केली आहे. देवालयाच्या कार्यकारी मंडळातील एखाद्या जाणकाराने ती माहिती त्यांच्या घरी जाऊन सांगावी. प्रसादाच्या पंगतीत त्या मुलाचे पान कोपऱ्यात न मांडता मुलांच्या ओळीत मांडावे. आणि पुन्हा कोणी त्या घरात दोष आहे असे म्हणाले, तर बैठकीतील एकाने तरी शांतपणे विचारावे, 'कोणता दोष?' पुढच्या खेपेस तो एक जण आम्ही व्हावे, असे आम्ही ठरविले आहे.

गेल्या उत्सवात पालखी निघाली तेव्हा तो मुलगा नेहमीप्रमाणे पुढे होता. त्याचा टाळ ठेक्यात पडत नव्हता. पालखी मात्र त्याच्या मागून नेमाने चालली होती.